मी एकदाच लिहिलेला ब्लॉग

वकील लोक ब्लॉग लिहितात, मग तुम्ही सीए लोक का लिहीत नाही, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. सगळ्यात जास्त वेळा माझ्या मैत्रिणीनं. ती सोलापूरच्या कोर्टात वकिली करते आणि दर आठवड्याला काहीतरी लिहून सगळ्या ग्रुपवर टाकते. मी तिला वेगवेगळी उत्तरं देत आले. आम्हाला जाहिरातीची बंदी आहे म्हटलं, तर बंदी वकिलांनाही आहे की. वेळ नसतो म्हटलं, तर तिला तरी कुठं असतो? नियम सारखे बदलतात, लिहीपर्यंत शिळे होतात, हेही सांगून झालं. यातलं एकही उत्तर पुरतं खरं नाही. खरं असं आहे की मी एकदा लिहिलं होतं, आणि त्या लिहिण्यानं एका म्हाताऱ्या माणसाचं दुकान बंद झालं.

त्या माणसाला मी लहानपणापासून चाचा म्हणते. आम्ही मूळचे करमाळ्याकडचे. वडील गेल्यावर आई मला घेऊन सोलापुरात आली आणि ब्लाउज शिवायला लागली. दोरा, फॉल, अस्तर, हूक, सगळं ती चाचांच्या दुकानातून आणायची. एवढंसं दुकान, दोन माणसं बसली की भरलं. चाचा गिऱ्हाईक बघायचे, चाची कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून साड्यांना फॉल लावायच्या. मी शाळेचं दप्तर घेऊन तिथंच उभी असायची. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि सीए झालेली तर आमच्या अख्ख्या गावात पहिली. हे मी अभिमानानं सांगते, लाजत नाही. पाटी लावली तेव्हा दोन महिने कुणी दार लोटलं नाही. पहिली फाइल चाचा घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

"इतने दिन दूसरेकू देता था," ते म्हणाले. "अब अपनी बेटी हाय तो बाहर काइकू जाना?"

चाचांची दोन मुलं टेम्पो चालवतात, धंदा बरा आहे. दुकान अब्बांचं, त्यात ती लक्ष घालत नव्हती. चाची वारल्या त्या वर्षी मी चाचांची वही बघत होते. रोजच्या खर्चात एक ओळ असायची, चहा, दोन कप. चाची गेल्या त्या आठवड्यात ओळच नव्हती. दुकान परत उघडलं त्या दिवसापासून ओळ पुन्हा सुरू. चहा, दोन कप. मला वाटलं सवयीनं लिहितायत. मी म्हटलं, "चाचा, हे एक करायचं राहिलं का?"

"नै बेटी. दोनच येतात."

"दुसरा कोण पितं?"

"मीच की. थंड झाला म्हंजी."

मी पान उलटलं. ती ओळ वर्षाअखेरपर्यंत तशीच चालली, मग दुसऱ्या वर्षी, मग तिसऱ्या. दुकान मात्र चालत नव्हतं. बायका रेडिमेड ब्लाउज घ्यायला लागल्या, फॉल लावून देणाऱ्या गल्लोगल्ली झाल्या. चाचा घराच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूकडून येणारं भाडं गुपचूप दुकानात घालत होते आणि मुलांना सांगत होते, दुकान आपलं आपण भागवतं. हे त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत होतं. सीएचं काम असंच असतं. लोकांना वाटतं आम्हाला पैसा दिसतो. पैसा दिसतोच, पण त्याबरोबर माणूस कशाला जिवंत ठेवतोय तेही दिसतं, आणि ते कुणाला सांगायचं नसतं.

मैत्रीण मागं लागली होती. "तुम्ही सगळे मुके. एक तरी लिही. लोकांना कळू दे की तुम्ही फक्त सह्या करत नाही."

ते मला लागलं. एका रविवारी बसून लिहिलं. तोट्यातला धंदा कधी बंद करावा, असा विषय. कसं ओळखायचं, काय तपासायचं, सगळं सांगितलं आणि शेवटी लिहिलं की एखादं दुकान तोट्यात असूनही बंद करू नये. उदाहरण म्हणून चाचांची गोष्ट घातली. नाव काढलं. सोलापूरचं नाशिक केलं. दोरा-बटणाच्या जागी भांडी घातली. दोन मुलांच्या जागी एक मुलगी. वाचून बघितलं, कुणी ओळखणार नाही अशी खात्री झाली.

कप मात्र दोनच ठेवले. बाई गेल्या त्या आठवड्यात ओळ नव्हती, तेही ठेवलं. वरच्या खोलीचं भाडंसुद्धा जेवढं होतं तेवढंच. बदलावं असं मनातच आलं नाही. आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करताना सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, बाकी काहीही चुको, आकड्याला हात लावायचा नाही. बारा वर्षं मी तेच करत होते. नाव-गाव बदलताना माझा हात थांबला नाही. आकडा बदलायचं त्याला माहीतच नव्हतं.

लेख लई फिरला. मैत्रिणीचं एवढं कधी फिरलं नव्हतं. दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी चाचांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. आवाज अगदी नम्र.

"मॅडम, नाशकात पण असा माणूस हाय काय?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"चहावाला मला रोज चिडवतो की, अब्बा अजून दोन मागवतात म्हणून. आमाला वाटलं, दुकान निदान भागतंय. भाड्याचं आमाला म्हाईत न्हवतं." थोडं थांबून म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाय. पण गुडघे धरून म्हातारा माणूस तितं दिवसभर बसतो, आणि तेबी घरचं घालून? बरं दिसतं का सांगा."

तो चुकीचं बोलत नव्हता. अब्बांना त्रास नको, एवढंच त्याला हवं होतं. लेखातलं शेवटचं वाक्य, बंद करू नये, ते त्यानं वाचलं होतं की नाही, मला विचारवलं नाही. मी लेख काढून टाकला. दोन महिन्यांत दुकान मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं गेलं.

चाचा शिल्लक मालाची यादी घेऊन आले. स्वतःच्या हातानं लिहिलेली, दोऱ्याच्या रिळांचा रंग न् रंग. मी पाणी दिलं. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर तेच आधी बोलले.

"पढ्या मैं. अच्छा लिखी तू."

"चाचा, मी नाव कुठंच..."

"हौ. नाव नै लिखी. नाशिक केलीस, भांडी केलीस. मला पोरगी दिलीस," ते हसले. "मग एक कप करायचा की बेटी. एक कप लिहिली असतीस, तर कोन ओळखलं असतं?"

मी म्हटलं, "ते खोटं झालं असतं."

"व्हय," ते म्हणाले, आणि यादी माझ्याकडं सरकवली. ती मी कितीतरी वेळ बघत बसले. एकही बेरीज चुकली नव्हती.

मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही सगळंच बदलतो गं. बाईचा बाप्या करतो, शेताचं घर करतो. आणि आमचं असतं काय लपवायला? शिपाई व्हरांड्यात नाव पुकारतो, भांडण दहा माणसांसमोर होतं, निकाल कुणीही वाचावा. ओरडून झालेलंच मी परत लिहिते." तिनं त्यानंतर मला लिही म्हटलेलं नाही.

आज लिहितेय ते चाचांना विचारून. "लिख बेटी," ते म्हणाले, "अब बंद होनेकू क्या रह्या." आणि या वेळी मी बदललंय. घरातली माणसं, गल्ली, कपांचा आकडा, काही खरं ठेवलेलं नाही. आता हाताला जमतं. जमायला नको होतं, असंही वाटतं.

आईला मात्र अजून माहीत नाही. तिला मोबाईलवरचं बारीक दिसत नाही, शिवणकामही सुटलंय. तरी ती त्या गल्लीतून जाते. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "चाचाचं दुकान कशानं गं बंद झालं? मानूस तर धडधाकट हाय. तुला म्हाईत आसंल की."

मी सीए झाल्यापासून आईला एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ती त्याचा मान ठेवते. शेजारणींना कौतुकानं सांगते, माझी पोरगी कुणाचं कुणाला सांगत न्हाय.

"क्लायंटची गोष्ट आहे आई," मी म्हटलं. "सांगता येत नाही."

"व्हय, ते बी खरं," आई म्हणाली, आणि मेथीची पुढची काडी उचलली.