पुढच्या सीटवरचे साळवे

साळवे गेल्याचं त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, मला फोन करून सांगितलं. गंगापूरच्या दवाखान्याबाहेर मी रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर पुसत होतो. "डॉक्टरकाका, पप्पा गेले. सकाळी छातीत दुखलं..." एवढंच ती बोलली. पुढचं मला विचारावं लागलं नाही. लोकांना वेळेत दवाखान्यात पोचवण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, तो माणूस स्वतः घरातून निघेपर्यंतही थांबला नाही.

रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला आमच्यात पायलट म्हणतात. साळवे पुढं पायलट, मी मागं पेशंटजवळ बसणारा डॉक्टर, अशी आमची कित्येक वर्षांची जोडी. स्वभाव म्हणाल तर दोघांच्या दोन तऱ्हा. वाळूजला कंपन्यांची शिफ्ट सुटली की रस्ता मोटारसायकलींनी तुंबायचा, मी मागून तडतडायचो, आणि ते पुढून सावकाश म्हणायचे, "डॉक्टर, तुमी पेशंट बघा. रस्ता माझ्याकडं द्या." गेल्या वर्षी रुग्णवाहिकांचा निधी आटला. आधी पगार रखडले, मग आमचे करार दोन-दोन महिन्यांचे होऊ लागले, मग दोन गाड्यांतली एक टायरअभावी उभी राहिली ती राहिलीच. साळवे वाळूजच्या एका कंपनीची कामगारांची बस चालवायला गेले. "पोरीचं शिक्षण हाय, डॉक्टर," म्हणाले. मला राग आला होता, पण रागापेक्षा एकटं जास्त वाटलं होतं. ते त्यांना सांगायचं राहून गेलं.

त्या फोननंतर महिन्याभरानं प्रज्ञानं घरी बोलावलं. बारावी झालेली पोर, आणि तिला तातडीच्या उपचारांचा कोर्स करून रुग्णवाहिकेवरच यायचं होतं. वहिनींचा ठाम नकार. "हिच्या बापाला काय भेटलं त्यात? गाड्याच बंद पडायल्यात. तुमीच समजावून सांगा तिला." मीही नाही म्हणायच्या तयारीनंच गेलो होतो. मी स्वतः घराखालच्या गाळ्यात दवाखाना टाकायच्या विचारात आहे, मग दुसऱ्याच्या लेकीला या गाडीत कशाला बसवू? "यात भरवसा नाही, प्रज्ञा," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी ही नोकरी असेल का, हे मलाच माहीत नाही." तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं. "काका, पप्पा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बसमधले कामगार आल्ते. ते सांगत होते, पप्पा बस चालवताना खड्डा आला का 'धरा' म्हणून ओरडायचे. सगळे हसायचे त्यांना. असं का करायचे ते?"

रुग्णवाहिकेत मागं मी सलाईन लावत असलो, हातात सुई असली, की खड्ड्याच्या थोडं आधी पुढून आवाज यायचा, "धरा." मी सुई बाजूला घेऊन पेशंटचा खांदा दाबून धरायचो. खड्डा गेला की, "हां, करा आता." कामगारांच्या बसमध्ये हा शब्द कुणाच्या कामाचा? नोकरी सुटली, तरी मागं कुणीतरी सुई घेऊन बसलंय हे साळव्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. हे मी प्रज्ञाला सांगितलं तेव्हा वहिनी डोळ्याला पदर लावून आत निघून गेल्या. "मग करू का कोर्स?" पोरीनं विचारलं. "कर," मी म्हणालो. भरवसा मात्र तेव्हाही देता आला नाही.

परवा शहरात पेशंट सोडून आम्ही परत निघालो होतो. पुढं नवा पायलट, मागं मी एकटा. वाळूजच्या अलीकडं गाडी दणकन आदळली आणि माझा हात आपोआप रिकाम्या स्ट्रेचरवर गेला.

"खड्डा आला की आधी 'धरा' म्हणत जा," मी म्हणालो.

"पण सर, गाडीत पेशंट नाय ना."

"नसू दे. तरी म्हण."