‘येते’ म्हणावं

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिरलं की डाव्या हाताला एक लांब बोळ लागतो. बोळाच्या टोकाला काचेची खिडकी, काचेला अर्धगोल भोक, आणि भोकापलीकडे एक बाई. वर ‘विद्यार्थी सहाय्य केंद्र’ अशी पाटी आहे, पण पाटी वाचून तिथे कोणी येत नाही. ‘खिडकीकाकूला विचार’ असं कोणीतरी सांगतं, म्हणून येतात. कोणाचं ओळखपत्र हरवलेलं असतं, कोणाचं खोलीतल्या मुलीशी पटत नाही, कोणाला ताप आहे आणि दवाखाना ठाऊक नाही. काही जण नुसतेच येऊन उभे राहतात. आपल्याला काय हवंय ते त्यांनाही सांगता येत नाही. काकू अशांना आधी बाकावर बसवते. विहिरीत पोहरा सोडला की लगेच ओढू नये, आडवा होऊन भरू द्यावा, तसं.

काकू मूळची टेलिफोनवाली. ऐन उमेदीची वर्षं तिने विद्यापीठाच्या एक्स्चेंजमध्ये काढली. कानावर हेडफोन आणि समोर लुकलुकणारे दिवे, एवढंच तिचं जग होतं. कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत प्रत्येकाचा आवाज तिला ठाऊक होता, तोंड मात्र निम्म्यांचंही नाही. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला, एक्स्चेंजला कुलूप लागलं आणि काकूची बदली या खिडकीवर झाली. तिचा नवरा शिंपी. मशीन थांबवून तो म्हणाला, “बरं झालं. इतके दिवस नुसते आवाज होते, आता तोंडंही दिसतील. मग कळेल तुला, आवाजच बरे होते ते.”

पण काकूचा भरवसा शेवटपर्यंत कानावरच राहिला. त्याचा तिला अभिमानही होता. “माणूस काय बोलतो ते सोडा,” ती म्हणायची, “फोन कसा ठेवतो ते ऐका. खरं तिथे असतं.”

या खिडकीवर पोरांपेक्षा आईबापांचे फोन जास्त. बापाने दबल्या आवाजात विचारायचं, “ती वर्गात जाते का, तेवढंच सांगा हो.” आणि काकूने म्हणायचं, “तुम्ही तिलाच विचारा.” नियमच तसा होता. मूल सज्ञान आहे. त्याच्या परवानगीवाचून त्याचं एक अक्षर घरी कळवायचं नाही. जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी, पण ते समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी ठरवायचं, खिडकीने नाही.

“फी आम्ही भरायची आणि विचारायचं तिलाच?” एक आई एकदा कडाडली होती. “उद्या म्हणाल, पोटात नऊ महिने ठेवलंत तेही तिची परवानगी घेऊन का.”

काकूला हसू आलं होतं, पण तिने हसू गिळलं आणि नियम पाळला. तोपर्यंत तिने तो कधीच मोडला नव्हता.

त्या वर्षी एक गणितवाली मुलगी यायला लागली. उंच, किडकिडीत, केस मागे घट्ट बांधलेले. सत्र सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि तिचं वर्गात जाणं थांबलं. का, ते तिला विचारून उपयोग नव्हता. “दारापर्यंत जाते काकू, आत पाऊल पडत नाही,” एवढंच सांगायची. दर गुरुवारी मॅडमकडे बसायची, आणि इतर दिवशी दुपारी खिडकीपाशी.

“घरी नका हं कळू देऊ,” ती एकदा म्हणाली. “बाबांना कळलं तर सामान उचलतील. परत पाठवायचे नाहीत. मी सावरेन, मला थोडा वेळ द्या.”

“माझ्याकडून कळणार नाही,” काकू म्हणाली. “या भोकातून आत आलेलं बाहेर जात नाही, बाई.”

मुलगी पहिल्यांदा हसली. “मग भोक कशाला ठेवलंय?”

असं चाललं होतं. मॅडम म्हणत होत्या, हळूहळू फरक पडतोय. एका मंगळवारी तर ती वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसूनही आली.

मग मॅडमच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मॅडम रजेवर गेल्या आणि गुरुवार चुकला. त्या दुपारी मुलगी खिडकीशी आली. बसली नाही. काचेवर बोटाने काहीतरी रेघोट्या ओढत राहिली. चेहरा उतरलेला, डोळे कोरडे. काकू म्हणाली, “सोमवारी येतील मॅडम. तीन-चार दिवस कळ काढ.”

“हं,” मुलगी म्हणाली. “जाते, काकू.”

आणि गेली.

काकूच्या हातातलं पेन तसंच राहिलं. जाते. निघताना आपल्यात कोणी असं म्हणत नाही. माणूस येते म्हणतो, येतो म्हणतो. काकू लहान असताना तिचा थोरला भाऊ उंबऱ्यात उभा राहून ‘जातो’ म्हणाला होता. आई आतून म्हणाली, “येतो म्हण रे.” तो म्हणाला नाही. तो आजतागायत आलेला नाही. तेव्हापासून या एका शब्दाशी काकूचा कान अडतो, जसा कापडातल्या गाठीशी नवऱ्याच्या मशीनचा दोरा.

तिने मुलीचा फोन लावला. बंद. मॅडमचा लावला. तोही लागेना. खिडकी बंद करून ती वसतिगृहाकडे धावली. खोलीला कुलूप. रेक्टरबाई म्हणाल्या, “येईल हो. पोरी फिरतात इकडेतिकडे.” काकूने ग्रंथालय पाहिलं, उपाहारगृह पाहिलं, मागचं मैदान पाहिलं. ऊन उतरत चाललं. शेवटी खिडकीत परत येऊन तिने संगणकावरून मुलीच्या आईचा नंबर काढला.

“मी विद्यापीठातून बोलतेय. घाबरू नका, पण तुमची मुलगी दुपारपासून सापडत नाही.”

घाबरू नका म्हटलं की माणूस हमखास घाबरतं. आईचा आवाज तिथेच फाटला. “काय झालं? वर्गात नाही का गेली आज?”

आणि काकूच्या तोंडून निघून गेलं, “अहो, ती वर्गात जातच नाही.”

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. मुलगी सापडत नाही, एवढं सांगणं वेगळं होतं. ही दुसरी गोष्ट घरी कळवायची नव्हती, ती मुलीची होती.

दिवे लागायच्या सुमाराला मुलगी मुख्य इमारतीच्या गच्चीकडच्या जिन्यावरून डोळे चोळत खाली आली. जिन्याच्या वळणावर, जिथे कोणी जात नाही, तिथे झोपली होती. फोनची बॅटरी संपलेली. तिला पाहून काकू भिंतीला टेकून उभी राहिली. मग लगेच आईला फोन केला, पोरगी सापडली, धडधाकट आहे. पण तोवर ते दोघं गाडीत बसले होते. आणि ते दुसरं वाक्य त्यांच्याबरोबर निघालं होतं.

सकाळी बाप आला तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं काकूला वाटलं. त्याने मुलीला एकच विचारलं, “खरं का हे?” ती मान खाली घालून उभी राहिली. “झालं मग शिक्षण,” तो म्हणाला आणि बॅगा भरायला वसतिगृहाकडे गेला.

आई बाकावर बसून राहिली. काकूने तिला पाणी दिलं आणि चाचरत सांगितलं, मी का घाबरले ते. “ती जाते म्हणाली हो. येते नाही म्हणाली.”

आईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर हसू की रडू असं काहीतरी आलं. “अहो, ती लहानपणापासून जातेच म्हणते. शाळेत निघाली तरी जाते, वाण्याकडे निघाली तरी जाते. आमच्या सासूबाई ओरडून ओरडून थकल्या. ही म्हणायची, मी जातेय ना, मग येते कसं म्हणू? चूक उत्तर आहे ते.”

खिडकीच्या त्या भोकातून काकू स्वतःच बाहेर सांडल्यासारखी बसून राहिली.

निघताना आईने मुलीला कोपराने ढोसलं. “काकूंना येते म्हण.”

मुलीने काकूकडे नीट पाहिलं. “तुम्ही सांगणार नव्हतात,” ती हळू म्हणाली. आणि मग, “जाते.” या वेळी उत्तर बरोबर होतं.

सोमवारी मॅडम आल्या. सगळं ऐकून घेतलं. “फोन करणं समजू शकते मी,” त्या म्हणाल्या. “दुसरं वाक्य नको होतं.”

“पण ती जिन्यात जाऊन झोपली होती. ती बरी नव्हतीच ना?”

“नव्हती.”

“म्हणजे माझा कान अगदीच चुकला नाही.”

“तसं नाही म्हणाले मी, काकू,” मॅडम म्हणाल्या, आणि बराच वेळ टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसल्या.

घरी नवऱ्याने मशीनवरून मान वर केली. काकूने त्याला फार सांगितलं नाही. तोही गंमत करायच्या भरीस पडला नाही. “उसवलेलं परत शिवता येतं,” एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “टाका दिसतो, ते सोड.”

पावसाळा उलटला, थंडी आली. काकू खिडकीत बसत होती. आता कोणी निरोप घेताना काय म्हणतं याकडे ती लक्ष द्यायची नाही. म्हणजे द्यायचं नाही असं ठरवायची.

एका दुपारी फोन वाजला. पलीकडे आधी नुसता श्वास होता. काकूने तो ओळखला.

“काकू, मी. परत यायचं असेल तर मॅडमना भेटावं लागेल का?”

“हो. वेळ घेऊन ठेवू?”

“घरी माहीत नाही अजून. मी फोन केलाय हे.”

“माझ्याकडून कळणार नाही.”

मग मुलगी म्हणाली, “हे तुम्ही मागेही म्हणाला होतात.”

“हो. म्हणाले होते.”

माफी मागायचं काकूच्या ओठांवर आलं होतं, पण ते बोलून त्या पोरीवरच आणखी एक ओझं टाकल्यासारखं झालं असतं. बाहेर बोळातून कोणीतरी चपला फरफटत गेलं.

“ठेवते,” मुलगी म्हणाली.

काकूने कान लावला. आदळून ठेवला की हळूच, राग होता की नव्हता. काहीच कळलं नाही. हल्लीच्या फोनना ठेवण्याचा आवाजच नसतो.

ती उठून मॅडमच्या दाराशी गेली. “येत्या गुरुवारची शेवटची वेळ कोणाला देऊ नका.”

“कोण येणार आहे?”

“येते असं कोणी म्हणालेलं नाही,” काकू म्हणाली. “पण अडवून ठेवा.”