माडावरचा चष्मा

काशीराम माडावरून नारळाचा घड तोडण्याआधी नेहमी ओरडायचा, "बाजूक झालंस?" खालून त्याची बायको मालन उत्तर द्यायची, "झालंय, टाका!" ते उत्तर कानावर पडल्याशिवाय त्याने कधी कोयता चालवला नाही. आमच्या अंधेरीच्या गावठाणात या हाळीची सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की तिच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

संपात गिरणीची नोकरी गेली आणि वेंगुर्ल्याकडे लहानपणी शिकलेली विद्या काशीरामच्या कामी आली. इथल्या ख्रिस्ती लोकांच्या आवारात माड भरपूर, पण चढणारा कोणी उरला नव्हता. पायात दोरीचं कडं अडकवून, खोडाला छाती भिडवून तो सरसर वर जायचा. माणूस कष्टाळू, पण महाहेकट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तरी चढतच राहिला. आपल्याला दिसत नाही तर विचारावं आणि ऐकावं, एवढी अक्कल मात्र त्याला होती.

सत्त्याऐंशी साली इव्हाबाई त्याला आणि मालनला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. सगळ्यांत जास्त माड त्यांच्याच आवारात. तिथे काय झालं ते मला नंतर मालननेच सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू काढला की डोळ्यातलं भिंग जातं. त्या जागी कृत्रिम भिंग आतच बसवता येतं. मग वस्तू असते तिथे आणि असते तेवढीच दिसते. पण हे नवीन आहे, आत काही बिनसलं तर पुन्हा त्रास. नाहीतर जाड भिंगाचा चष्मा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, आणि कडेला असा एक पट्टा असतो की तिथलं माणूस दिसतच नाही, ते एकदम समोर उगवतं. "म्हणून चष्मा घेतलात तर डोळे फिरवायचे नाहीत, मान फिरवायची. काम काय करता?"

"काय नाय. घरीच असतंय."

माडाचं नाव काढलं तर चढायला बंदी येईल, ही त्याला भीती. मालन बोलायला गेली, तशी त्याने बाकाखाली तिच्या पायावर पाय दिला.

"मग चष्मा चालेल," डॉक्टर म्हणाले. "उंचावरचं काम असतं तर भिंगच बसवा म्हटलं असतं."

बाहेर आल्यावर काशीराम म्हणाला, "चष्मो पटलो नाय तर काढून ठेवूक येता. डोळ्यातला कसा काढतलंस?"

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, चष्मा आला. काचेमागे त्याचा डोळा लिंबाएवढा दिसायचा, वाडीतली पोरं हसायची. तो चहा ओतायचा कपाच्या अलीकडेच, आणि उंबरा ओलांडायला पाय गुडघ्याएवढा उचलायचा. एकदा मी त्याच्या घरी बसलो असताना तो केवढा तरी दचकला. "भुतासारखी खयसून येतंस गे?"

"मी हयच होतंय," मालन म्हणाली आणि हसली. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही.

ऑक्टोबरात तो पुन्हा माडावर चढायला निघाला. मालन म्हणाली, "मान फिरवून बघा हां."

"माका आता सगळा दिसता," तो म्हणाला. "आता इचारूक कित्याक व्हया?" ती थट्टाच समजली असावी.

मी समोर ओट्यावर दाढी करत होतो. काशीराम शेंड्याला पोचला. खोडाला मिठी मारल्यावर मान कसली फिरतेय? त्याने चष्म्याआडून नुसता डोळा खाली केला. त्याला आवार मोकळं दिसलं. मालन कडेला, त्या न दिसणाऱ्या पट्ट्यातच उभी होती. हाळी आलेली नव्हती, म्हणजे तो अजून तोडत नाहीये, असं समजून ती पडलेली झावळी ओढायला माडाखाली आली. बायकोचा भरवसा त्याच्या आवाजावर, त्याचा भरवसा चष्म्यावर. मी ओरडलो तोवर कोयता चालला होता.

मग मी पाहिलं, काशीरामने कोयता सोडला आणि हात खाली लांबवला. पुरता लांबवला, बोटं पसरून, कुणाला ओढून घ्यावं तसा. मला वाटलं हाही आता पडतो. घड आधीच सुटला होता. मालनने वर पाहिलंसुद्धा नाही.

तो आता चढत नाही. इव्हाबाईंच्या पायरीवर बसून असतो, चष्मा खिशात. मला त्याचा राग येतो, अजून येतो, आणि शेजारी बसून तो गिळावा लागतो. कारण तो तेच तेच सांगत राहतो. "एकदम दिसली रे माका ती. माझ्या हाताक लागत होती. एवढी जवळ होती."

वाडीतला सगळ्यात उंच माड होता तो.