घटाची माती

घटस्थापनेच्या सकाळी वहिनी टोपली घेऊन शेतात आली आणि बांधावरच थबकली. "भावजी, घटाला माती घेऊ ना? यंदा ह्यांनी मातीतला कार्बन विकलाय म्हणे."

नांगरायचं नाही, उसाचं पाचट जाळायचं नाही. मग जमिनीत जो कार्बन साठेल, तो दूरच्या कुठल्याशा कारखान्याच्या धुराच्या बदल्यात धरणार, त्याचे पैसे कारखाना देणार, एवढंच दादाने सांगितलं होतं. माती इथे, धूर तिकडे. मग विकलं ते नेमकं काय? ओंजळभर मातीतलं आमचं किती उरलं?

शेवटी वहिनीने वाकून पाचट बाजूला सारलं, माती घेतली, खड्ड्यावर पाचट पुन्हा पांघरलं. "दसरा झाला की परत आणून टाकते," ती हळूच म्हणाली.

जमिनीला म्हणाली, की त्या विकत घेणाऱ्याला, मला अजून कळलेलं नाही.