भाच्याचं सरकतं टेबल

आमच्या कुमासीच्या लाकूडबाजारात मास्टर अद्दाईंनी मान डोलावल्याशिवाय एखादं नवं यंत्र विकलं गेलेलं मी तरी पाहिलं नाही. मी तिथे फळ्या आणि प्लायवूड विकते. माझी वखार त्यांच्या शेडला चिकटून आहे, त्यामुळे त्यांचा खोकला आणि त्यांचा राग दोन्ही मला भिंतीतून ऐकू येतात. सुतार म्हणून माणूस सोन्यासारखा. जीभ मात्र रंध्याची. समोरच्याची साल निघाल्याशिवाय थांबायची नाही.

त्यांच्याकडे काटकोन तपासायचा एक जुना गुण्या होता, काळ्या लाकडाच्या दांड्यात पितळी पट्टी बसवलेला. त्यांच्या मास्टरांनी जाताना तो त्यांच्या हाती दिलेला. शिकाऊ पोराचं काम शिकून झालं की त्याला मोकळं करायचा सोहळा होतो. पोराच्या अंगावर पावडर उधळतात, जमिनीवर दारूची धार सोडतात आणि मास्टर त्याला या गुण्यावरून आखून केलेला नवा गुण्या देतात. आमच्या आवारातले सगळे गुण्ये म्हणजे त्या एकाची पिलं. त्या गुण्यावर शंका घ्यायची म्हणजे गेलेल्या मास्टरांना खोटं पाडायचं. ते कोण करणार?

बेदियाको हा अद्दाईंच्या बहिणीचा मुलगा. आमच्यात मामाचं असतं ते भाच्याकडे जातं, तेव्हा शेड, करवत आणि गुण्या सगळं पुढे त्याचंच होतं. पण लाकूडकाम शिकूनही पोराचा ओढा लोखंडाकडे. तो सुआमेच्या लोहारशाळांमध्ये गेला. "सागवान सोडून गंज चाटायला गेला," असं मामा चारचौघांत म्हणायचे, आणि त्याने बनवून दिलेले कडी-कोयंडे येईल त्याला दाखवायचे.

मग मास्टरांचा खांदा गेला. अख्खा प्लायवूड गोल करवतीवर एकट्याने ढकलायचा म्हणजे खांदा शाबूत हवा. कुणाला हाक मारायला त्यांना लाज वाटायची, म्हणून ते बाकावर बसून राहायचे, हातावर हात ठेवून. बेदियाकोने हे पाहिलं. मोडक्या ट्रकांच्या भंगारातून त्याने करवतीच्या कडेला जोडायचं एक सरकतं टेबल बनवलं. खाली रूळ, त्यावर बेअरिंग, आणि माल टेकवायला वर एक आडवी पट्टी. प्लायवूड पट्टीला टेकवा आणि एका हाताने ढकला, की टेबलच त्याला पात्याकडे घेऊन जाईल.

"मावशी, मामांनी पास केलं ना," तो मला म्हणाला, "की मी सुआमे सोडतो. इथेच त्यांच्या शेजारी शेड टाकतो. लाकूड त्यांनी बघावं, लोखंड मी."

परीक्षेला सगळा बाजार जमला. आधी वीज नव्हती, ती आल्यावर मास्टर उठले. त्यांनी टेबल पुढेमागे सरकवून पाहिलं, कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकला, रुळावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळले.

"सेरवा, ये. याच्या टोकावर बस."

"का हो? मी काय तुमच्या तराजूचं वजन?"

"टोकाला झोळ पडतो का बघायचंय. तुझ्यापेक्षा भरवशाचं वजन या बाजारात नाही."

लोक पोट धरून हसले. मी बसले. टेबल जरासुद्धा वाकलं नाही. मास्टरांनी अख्खा प्लायवूड चढवला आणि एका हाताने, त्या दुखऱ्याच हाताने, लोण्यासारखा कापला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बेदियाको लहान मुलासारखा पायांवर उभ्या उभ्या डोलत होता.

मग मास्टरांनी खिशातून गुण्या काढला आणि कापलेल्या कोपऱ्याला लावला. पट्टी आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली.

"वाकडं," मास्टर म्हणाले.

त्यांनी दुसरा तुकडा कापला. पुन्हा तीच रेघ. खिशातून पाना काढून बेदियाको खाली वाकला आणि टेबलाखालच्या एका बोल्टकडे त्याने हात नेला. मास्टरांनी त्याचं मनगट पकडलं.

"काय करतोस?"

"जरा फिरवतो, मामा. एकच क्षण."

"माझ्या डोळ्यांदेखत? कापल्यावर? बनवताना नीट नाही बनवलं आणि आता पाने फिरवून पास व्हायचंय? नाचता येईना अंगण वाकडं! परीक्षेत लबाडी करणाऱ्याच्या हाती मी माझी शेड देऊ?"

सगळा बाजार ऐकत होता. बेदियाकोने मामाच्या हातातल्या गुण्याकडे पाहिलं, मग मामाकडे. पाना खिशात टाकला. "तुम्ही म्हणाल तसं, मास्टर," म्हणाला आणि निघून गेला. मामा नाही, मास्टर. ते तेव्हा माझ्या कानात अडकलं.

तो तेमा बंदरावर जहाजांच्या डागडुजीला लागला. टेबल माझ्या वखारीत आलं आणि त्यावर मी फळ्या रचल्या. पुढे त्याची आई गेली तेव्हा तो सुतकाचे काळे-लाल कपडे घालून आला, सगळ्यांशी हात मिळवत मामापाशी पोचला आणि म्हणाला, "सांत्वन घ्या, मास्टर." पाहुण्याने म्हणावं तसं. त्या दिवशी अद्दाईंनी ताटातल्या फुफूला हात लावला नाही. शोक बहिणीचा होताच, पण सगळाच तिचा नव्हता.

यंदा एका हॉटेलची दारं करायचं काम मास्टरांना मिळालं. चौकटी त्यांच्या नव्हत्या; ॲल्युमिनियमच्या, तयार आलेल्या. एकही दार बसेना. वरच्या बाजूला पाचर घालावी एवढी फट. मास्टरांनी आधी ॲल्युमिनियमला शिव्या दिल्या, मग मजुरांना, मग माझ्या लाकडाला.

"माझ्या लाकडाला नावं ठेवू नका," मी म्हटलं. "तीस वर्षं तुमची दारं तुमच्याच चौकटीत बसतात. एका आईची पोरं, दोघंही तिरळी असली तर कुणाला कळणार?"

मी रागात बोलले होते. पण त्यांनी एक सरळ फळी घेतली, तिच्या कडेला गुण्या लावून रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, जे आजवर कुणी केलं नव्हतं, आणि त्याच जागेवरून दुसरी रेघ मारली. दोन रेघा एकमेकींवर पडायला हव्या होत्या. त्या वर जाताना फाकल्या.

"सेरवा," ते म्हणाले, "तुझ्या फळ्या काढ."

आम्ही टेबल बाहेर काढून करवतीला जोडलं. मास्टरांनी दोन तुकडे कापले, एक पालथा घालून दुसऱ्याला भिडवला. केसही शिरला नसता. बेदियाकोचं टेबल पहिल्या दिवसापासून सरळ होतं.

मग त्यांना तो बोल्ट आठवला. गुडघे टेकून ते टेबलाखाली गेले, मी टॉर्च धरला. बोल्टच्या कडेला लोखंडावर छिन्नीने दोन खुणा केलेल्या होत्या. बोल्ट ज्या खुणेवर उभा होता तिच्यापाशी नुसती रेघ. शेजारच्या खुणेपाशी कोरलं होतं, 'मामा'.

मास्टरांनी पान्याने बोल्ट त्या खुणेवर आणला, बाहेर येऊन तुकडा कापला आणि आपला जुना गुण्या त्याला लावला. उजेडाची रेघ नव्हती. टेबल त्यांच्या गुण्यासारखंच वाकडं झालं होतं, तंतोतंत.

"त्याला माहीत होतं," ते म्हणाले. "चारचौघांत मला खोटं पाडण्याऐवजी तो स्वतःचं काम वाकडं करायला निघाला होता. आणि मी त्याचा हात धरला."

त्यांना रडताना मी प्रथमच पाहत होते, आणि त्यांनी तोंड लपवलं नाही. त्यांनी फोन मागितला. मी नंबर लावून दिला. बंदरावरचा ठोकाठोकीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बेदियाको," ते म्हणाले, "मी तुझा मामा बोलतोय. मी गुण्या उलटा करून पाहिला. टेबलाखालची खूणही पाहिली."

पलीकडची ठोकाठोक थांबली. फोन बंद पडला की काय म्हणून मी वाकून पाहिलं.

"हं," बेदियाको म्हणाला. "बोला, मास्टर."