माझं बटण मीच दाबलं

मंडळी, बोटावरची शाई दाखवत दुपारपासून सगळ्या आळीत फिरलेय, म्हटलं तुम्हालाही सांगावं. मी दुसरीपर्यंत शिकलेली, लिहिण्यात चुकलं तर हसा खुशाल.

आमच्या निडी स्टेशनाकडच्या गावात निवडणूक आली की आधी देवळात गावकी बसते. आमदारकी असो नाहीतर खासदारकी, मत कोणाला द्यायचं ते पुरुष ठरवतात आणि घरोघरी सांगतात. कागदावर शिक्का मारायचो तेव्हापासून हेच. बायांना कोण विचारतो? मी आपली मान डोलवायची आणि आत जाऊन शिक्का माझ्या मनाचा मारायची.

आज मशीनवर मत द्यायला शाळेत गेले, तर गावकीचा पुढारी मागोमाग आला. माझा पुतण्याच लागतो. तिथल्या साहेबांना म्हणतो, "काकीला दिसत नाय. सोबती म्हणून बटण मी दाबतो."

मी म्हटलं, "कोणाला दिसत नाय रे? सकाळी एवढे वाल निवडले, एक खडा राहू दिला नाय. तुझ्या मिशीचा कलप गालावर उतरलाय, तो पण दिसतोय!"

रांगेतल्या बाया खो खो हसल्या. साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही एकट्याच जा."

गेले. बटण दाबलं. मशीन केवढ्यानं वाजलं!

बाहेर पुतण्या उभाच. "काकी, मत दिलं कोणाला?"

म्हटलं, "तुझ्या काकांना जन्मभर नाय सांगितलं, तुला सांगू व्हय?"

आता तुम्ही सांगा, तुमच्या घरातल्या म्हातारीचं बटण कोण दाबतं?