फिलूमावशीच्या हाताचा गुण

हे मी यंदाच्या पेरणीपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. चर्चमध्ये कबुलीला गुडघे टेकले की राग सांगायचे, आळस सांगायचे—हे तेवढं गिळायचे. फादरना फसवणं जमतं हो. पण देवाला?

आमच्या माहीमच्या चर्चमध्ये ऑक्टोबरात आगेरा असतो, नव्या भाताचा सण. शेतं कधीच गेली, तिथे टॉवर आले. पण फिलूमावशी चर्चच्या मागे जुन्या टबांत भात पेरायची. त्याच लोंब्यांना फादर आशीर्वाद द्यायचे आणि घरोघरी चार दाणे जायचे. फिलूच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. तिला मूलबाळ नाही. तेवढाच तिचा मान.

एका वर्षी ऐन दाणा भरताना तिची बहीण आजारी पडली आणि तिला वसईला जावं लागलं. टब माझ्यावर सोपवले. रोज पाणी घालायचं—एवढंच काम. पहिल्या दिवशी ऑफिसची घाई. मग वाटलं, पाऊस येईलच. मग—खरं सांगू?—विसरूनच गेले. आठवलं तेव्हा लोंब्या पोचट झाल्या होत्या.

मावशी परत आल्यावर फादरनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "पाणी घातलंस ना?"

"हो फादर, रोज."

इतकं सहज निघालं तोंडातून. मावशीने संशय घेतला का? छे. तिने टबांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"गुण गेला गो पोरी माझ्या हाताचा."

घरच्या अबोलीच्या कुंड्यासुद्धा तिने वाटून टाकल्या. एक मला दिली. मी ती घेतली—लाज कशी वाटली नाही? तेव्हापासून आगेऱ्याच्या लोंब्या विकत येऊ लागल्या.

यंदा जूनमध्ये बियाणं आणि ती कुंडी घेऊन मी तिच्या दारात गेले. "माझा हात नको त्याला," म्हणाली. तेव्हा सांगितलं. उभ्याउभ्याच, सगळं, त्या 'रोज'सकट.

 तिने एवढंच विचारलं, "टब हायेत अजून?"

मी ते घासून दिले. तिने पेरलं. आता कोंब वर आलेत, चांगले दाट, आणि मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून दाखवायला नेते.

तिला वसईला जायचं झालं, तर पाणी शेजारची रोझी घालणार आहे. तसं तिने माझ्यासमोरच सांगून ठेवलंय.